उणे सात नंबरचा मास्क

माझ्या डोळ्यांचा नंबर उणे सात आहे. दोन्ही डोळ्यांचा, भेदभाव नाही. सकाळी उशाशी चष्मा सापडला नाही तर तो शोधायला मला दुसरा चष्मा लागतो. अशी मी गेली बावीस वर्षं बोईसर स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान चालवते आहे. गिऱ्हाईक माझ्या भिंगांकडे बघतं आणि त्याला वाटतं, बाई स्वतः सोड्याच्या बाटलीची बुडं डोळ्यांवर लावून बसली आहे, म्हणजे हिला यातलं नक्की कळत असणार. मलाही तसंच वाटत होतं. निदान त्या आठवड्यापर्यंत तरी.

पंचेचाळिशी ओलांडली की बायका योगासनं करतात, ग्रुप काढून राजस्थानला जातात. मला पाण्याखाली जायचं वेड लागलं. माझं माहेर माहीमचं. माहीम म्हणजे केळव्याशेजारचं, मुंबईतलं नव्हे; हे वाक्य मी जन्मभर बोलत आले आहे. आम्ही वाडीवाले. चिकू, केळी, पानवेली आणि त्यांच्या पलीकडे समुद्र; पण आमची तोंडं वाडीकडे आणि पाठ समुद्राकडे. वडील म्हणायचे, "पाणी विहिरीत असावं, पाटात असावं. बाकीचं देवाचं." समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्मून मी पंचेचाळीस वर्षं घोट्याच्या वर खारं पाणी लागू दिलं नव्हतं.

वेड लावणारा माणूस दुकानातच आला, चाळिशी करायला. मुरब्याचा, मच्छीमाराच्या घरातला, पन्नाशीचा, दारासारखा रुंद. काय करता विचारलं तर म्हणाला, "पाणबुड्या." बरीच वर्षं त्यानं समुद्रातल्या तेलविहिरींच्या पायथ्याशी काम केलं होतं. आता गावी परतून होड्यांच्या पंख्यांत अडकलेली जाळी सोडवायचा आणि हौशी माणसांना पाठीला हवेची टाकी लावून बुडायला शिकवायचा.

"आपल्या खाडीत आत काय दिसतं हो?" मी विचारलं.

"काय नाय दिसत, मॅडम," तो म्हणाला. "पण लय बरं वाटतं."

इतकी प्रामाणिक जाहिरात मी आजवर ऐकली नव्हती. त्याच रविवारी मी नाव घातलं आणि त्याला सर म्हणू लागले.

आधी तलावात शिकवणी झाली. त्यातला एक धडा मला काही केल्या जमेना. पाण्याखाली मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरायचं नाही. वर बघायचं, कपाळावरची कड बोटांनी दाबायची आणि नाकानं फुंकायचं. पाणी खालच्या कडेनं निघून जातं. सांगायला सोपं. मी वर बघायचे, कड दाबायचे आणि मला हसू फुटायचं. पाण्याखाली हसलं की काय होतं ते ज्यानं त्यानं करून बघावं. अर्धा तलाव पोटात घेऊन मी वर यायचे आणि सर काठावर कपाळाला हात लावून बसलेले असायचे.

मग खाडी. मुरब्याच्या खाडीचं पाणी चहासारखं, तेही दूध जास्त झालेल्या. हात पुढे केला की कोपरापुढचा हात नाहीसा व्हायचा. मी पंधरा-वीस वेळा त्या पाण्यात उतरले आणि एकही मासा पाहिला नाही. मासे होते. मला धडकून जायचे, एकानं तर कानाशी काहीतरी केलं. पण दिसला एकही नाही. मी जन्मभर मासे पाहिले ते टोपलीत, तव्यावर नाहीतर ताटात. जिवंत मासा, त्याच्या घरात, त्याच्या मर्जीनं पोहताना एकदा तरी बघायचा, एवढी एकच इच्छा मला जडली, आणि इच्छा जडली की मी फार त्रासदायक बाई होते.

म्हणून अंदमान. तिथलं पाणी काचेसारखं असतं म्हणे. शुक्रवारी निघायचं ठरलं, मी आणि माझे यजमान. आणि म्हणूनच तो मास्क. साध्या मास्कमधून मला अंदमानही खाडीसारखंच दिसलं असतं. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यांना सोसत नाहीत, दोन मिनिटांत टोमॅटो होतात. तेव्हा मी मुंबईहून उणे सातच्या काचा मागवल्या, दुकानाच्या मागच्या खोलीत त्या मास्कच्या आकाराला घासल्या, आतून चिकटवल्या, सुकवल्या. सगळं मिळून पंधरा-वीस दिवस लागले. तयार झाल्यावर तो लावून मी आरशात पाहिलं, तर चष्म्याच्या दुकानात शिरलेला बेडूक दिसला. मी इतकी खूश झाले की तसाच लावून स्वयंपाक केला. कांदा चिरताना डोळ्यांना पाणीसुद्धा आलं नाही.

यजमानांविषयी सांगायला हवं. ते एका कारखान्यात दाबमापकं आणि तापमापकं तपासायच्या विभागात आहेत. मोजमापाचा माणूस. पाण्याला भितात आणि ते लपवत नाहीत. दर रविवारी माझ्यासाठी होडीत येऊन बसत, अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात शिटी, खिशात माझा चष्मा. जगण्याचं त्यांचं एक सूत्र आहे: सगळं एकत्र ठेवलं की हरवत नाही. किल्ल्या, औषधं, बिलं, सगळं एकाच डब्यात. मी बावीस वर्षं त्या सूत्राला हसत आले आणि नेमकं त्या रविवारी ते पाळलं.

बुडी संपली होती, ओहोटी लागली होती. होडीत चढण्याआधी कमरेचा वजनाचा पट्टा काढून वर द्यायचा असतो. त्यात शिशाचे ठोकळे असतात, ते अंगावर घेऊन चढता येत नाही. मास्क मात्र होडीत पाय पडेपर्यंत डोळ्यांवरून काढायचा नाही, असं सरांनी शंभरदा सांगितलं होतं. मी काढला. पट्ट्यात ओवला. हातातली बॅटरीही ओवली. सगळं एकत्र! आणि मोठ्या ऐटीत ती माळ यजमानांच्या हाती दिली. त्यांचा एकच हात मोकळा होता, कारण दुसऱ्या हातात मोबाईल होता आणि त्यात ते माझी अंदमानपूर्व शेवटची बुडी टिपत होते.

तो व्हिडिओ अजून आहे. आधी माझं दात काढून हसणारं तोंड, मग आभाळ, मग यजमानांचा अंगठा, आणि मग माझी बोंब: "अहोऽऽऽ! सोडलंत!"

"मी नाही, तू सोडलास!"

"मी दिला, तुम्ही सोडलात!"

हा वाद अजून मिटलेला नाही. शिसं मात्र तोवर तळाला पोचलं होतं.

सर होडीच्या मागच्या टोकाला इंजिनपाशी होते. ते ओरडले, "निशाणी घ्या, निशाणी!" मच्छीमार पाण्यात जागा लक्षात ठेवतात ती अशी: काठावरच्या दोन गोष्टी एकामागे एक दिसतात ती एक रेघ, दुसऱ्या बाजूच्या दोन गोष्टींची दुसरी रेघ, आणि दोन्ही रेघा छेदतात ती जागा. यजमानांनी मोबाईलवर पिन टाकली. होडी वाहतच होती आणि मोबाईलही गोंधळला होता. नंतर पाहिलं तर पिन पलीकडच्या काठावरच्या बर्फाच्या कारखान्यात पडली होती. निशाणी मी घेतली, होडीत चढून, त्यांच्या खिशातला चष्मा नाकावर घालून. एकच घेतली, पण चांगली ठसठशीत घेतली: देवळाचा कळस आणि त्याच्या बरोबर मागे पिवळी क्रेन.

सोमवारी दुकानाला अर्धा दिवस टाळं लावून आम्ही खाडीवर पोचलो. कळस होता तिथंच होता. क्रेन उजवीकडे वळून कुठल्यातरी बांधकामावर लोखंड चढवत होती. थोड्या वेळानं ती डावीकडे वळली. मग तिनं मान खाली घातली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, क्रेनकडे पाहिलं आणि टाकी पाठीला लावली.

दोन दिवस ते तळाशी दोरी धरून गोल गोल फिरले. गाळात दिसत तर काहीच नाही, हातानं चाचपायचं. प्रत्येक वेळी वर येताना त्यांच्या हातात काहीतरी असायचं आणि प्रत्येक वेळी मी होडीत उठून उभी राहायचे. प्लास्टिकची खुर्ची आली, तीन पायांची. कुकरचं झाकण आलं, शिट्टीसकट. यजमानांनी ती तपासली आणि चालते म्हणाले. एक नांगर आला, त्याचा मालक काठावरूनच नाचायला लागला. सगळ्या गावाचं हरवलेलं सापडत होतं, माझं सोडून. मंगळवारी संध्याकाळी मी त्या तीन पायांच्या खुर्चीला लाथ मारली. माझा राग असा निर्जीव वस्तूंवर निघतो, त्यामुळे संसार टिकला आहे.

बुधवारी सरांना जाळं सोडवायचं काम आलं. मी धक्क्यावर एकटी तोंड फुगवून बसले होते. तिथं त्यांची आई आली.

ही म्हातारी मला सुरुवातीपासून शिष्ट वाटायची. सत्तरीकडे झुकलेली, काटक, काष्टा घट्ट मारलेला. मी होडीतून हात हलवला तर ओळख म्हणून द्यायची नाही. पण कामाची मोठी. ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडायची, चिखलात पायानं चाचपून शिंपल्या काढायची. मासळी घेताना एकेक मासा अगदी नाकाशी धरून पारखायची. मला वाटायचं वास घेते. आणि या वयात बिनचष्म्याची सुईत दोरा ओवायची. सर मला अभिमानानं सांगायचे, "आमच्या आयेचे डोळे ठणठणीत हायेत, मॅडम. तुमच्या धंद्याला उपयोग नाय." मी हसायचे. बावीस वर्षांच्या अनुभवानिशी हसायचे.

"काय गं बाय, तुजा पट्टा गावला नाय म्हनं?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. क्रेनची निशाणी ऐकून ती एवढी हसली की तिला धक्क्याच्या दगडाचा आधार घ्यावा लागला. "क्रेन! अगं ती तं दिसभर नाचते!"

"हसा, मावशी. परवा निघायचंय मला, आणि मास्क नाही. तिथं जाऊनही सगळं धुरकटच दिसणार."

ती हसायची थांबली. "पट्टा परला तवा तू बोंब मारलीस ना? मी ऐकली. मी तवा त्या खरकावर बसलेली, कालवं फोरत. बोंब माझ्या डाव्या कानाला आली, देवलाच्या घंटेच्या जरा अलीकरून." मग तिनं गळ्यातली माळ सारखी केली आणि म्हणाली, "तसंच कराचं. मी तिकरं बसते. तू होरीत जा आनि वरड."

दुपारी सर आले, यजमान कारखान्यातून सुटून आले, आणि पुढचा तासभर मुरब्याच्या खाडीनं जे पाहिलं ते यापूर्वी पाहिलं नसावं. म्हातारी खडकावर बसली, खाडीकडे चक्क पाठ करून. मला वाटलं, लक्ष लागावं म्हणून. मी होडीत उभी राहून, बोईसरात जिला सगळे ताई म्हणतात अशी बाई, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते: "अहोऽऽऽ! सोडलंत!"

"नाय! अजून आत!" खडकावरून उत्तर.

होडी दहा हात आत. "अहोऽऽऽ! सोडलंत!"

"आता लय झाला! मागं! आनि तवासारकी वरड, लाजतेस काय?"

काठावर माणसं जमली. जाळी विणणाऱ्यांनी जाळी खाली ठेवली. कोणीतरी विचारलं, काय सोडलं हिच्या नवऱ्यानं? दारू का? यजमान लाजेनं लाइफ जॅकेटात मान घालून बसले होते, पण मोजमापाची खोड जाईना. दर बोंबेला वारा कुठून येतो ते ओल्या बोटानं बघत होते. माझा घसा बसत आला आणि मला हसू आवरेना. हसत ओरडता येत नाही, आणि ओरडल्याशिवाय मास्क मिळत नाही. शेवटी मी डोळे मिटले, तो पट्टा हातातून सुटून पाण्यात जाताना आठवला, आणि पोटातून जी किंकाळी आली ती खरी आली.

खडकावरून म्हातारीनं हात वर केला. "तीच! तीच बोंब! ठोक बांबू!"

सरांनी तिथं बांबू रोवला. पण पाणी अजून दोन पुरुष होतं. म्हातारी म्हणाली, घाई नको, उद्या अवस. अमावास्येला उधाणाची ओहोटी होते, पाणी पार लांब जातं. उद्या संध्याकाळी तिथं छातीएवढंच राहील. शुक्रवारी पहाटे आम्ही निघणार. म्हणजे हाती राहिली ती एक संध्याकाळ. त्या रात्री बॅगा भरताना यजमानांनी मास्कची जागा मोकळी ठेवली. मला त्यांचा एवढा लोभ आला की मी पट्ट्याचा विषय काढला नाही.

गुरुवारी साडेपाचला खाडी खरंच आटल्यासारखी झाली. दोन्ही काठांना चिखल चकाकत होता आणि मधे बांबूभोवती पाण्याचा पट्टा उरला होता. काठावरच्या खुंट्याला दोरी बांधून तिचं दुसरं टोक आम्ही धरलं. यजमान खुंट्यापाशी शिटी तोंडात धरून उभे. सर होडी घेऊन जवळ. पाण्यात मी आणि म्हातारी. मी चष्मा यजमानांच्या खिशात ठेवला होता, त्यामुळे मला बांबूही धड दिसत नव्हता. मी बुडी मारायला वाकले तशी तिनं दंडाला धरून उभी केली.

"बुडू नको. पाय टाक. पायाला सांग, बग म्हनून."

मी पायाला सांगितलं. पायाला काही कळेना. गाळ कोमट आणि लोण्यासारखा मऊ. बोटांतून वर येताना गुदगुल्या करायचा. मी खिदळायला लागले. म्हातारीही खिदळत होती, पण तिचे पाय कामावर होते. ती पाय सरकवत एकेक गोष्ट सांगत होती: ही शिंपली, ही बाटली, हे फुटकं मडकं, हे जाल्याचं शिसं, पन तुजं नाय. मी मधेच किंचाळले, माझ्या पायाखालून काहीतरी पळालं होतं. "खेकरा," ती म्हणाली, "तो तुलाच भ्यालाय."

पाणी कमी व्हायचं थांबलं. सर होडीतून म्हणाले, "आये, आता भरती लागेल." माझं हसू आटलं. काठावरचा उजेड नारिंगी झाला होता. मी मनातल्या मनात अंदमानचा निरोप घेत होते. समुद्रकिनाऱ्यावर यजमानांशेजारी बसू, शहाळं पिऊ, लोक पाण्यातून वर येऊन मासे कसे दिसले ते सांगतील आणि मी अय्या अय्या करीन.

तेवढ्यात म्हातारी थबकली. एका जागी उभी राहिली. मग हळूच सगळं अंग हलवत हसायला लागली.

"ये बाय. तुजी बोंब इकरं परलीय."

ती त्यावर उभी होती. मी नाक दाबून खाली गेले, तिच्या घोट्याशी हात घातला, आणि हाताला शिशाचे ठोकळे लागले, मग बॅटरी, मग रबराची मऊ कड. वर आले तेव्हा गळ्यात पट्टा, तोंडात चिखल, आणि मी नेमकं काय ओरडत होते ते मला आठवत नाही. यजमानांनी शिटी वाजवली ती वाजवतच राहिले. सरांनी होडीतच उड्या मारल्या. चार दिवस गाळात राहून माझ्या काचांवर एक ओरखडा नव्हता. म्हातारीला मी पाण्यातच मिठी मारली, तिनं शिव्या दिल्या.

काठावर आलो. यजमानांनी चष्मा माझ्या नाकावर चढवला. म्हातारीनं मास्क घागरीच्या पाण्यानं धुतला, उलटा सुलटा केला, नाकाशी धरून पाहिला. "बगू तं कशी दिसते बेंडकी," म्हणाली आणि गंमत म्हणून डोळ्यांवर चढवला. आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

तिनं मान वर केली. मग पलीकडच्या काठाकडे बोट केलं. "ते काय हालतंय?"

"कुठं, मावशी?"

"त्या मारांवर."

"माडांवर? झावळ्या आहेत."

"एकेक येगली?"

ती वळली. सर होडी ओढून वीसेक हातांवर उभे होते, भिजलेले, अजून हसत. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक पाऊल पुढे गेली, पुन्हा मागे आली, जणू अंतर तपासत होती.

"मेल्या," ती म्हणाली, "तू हसतोस तवा बापासारका दिसतोस."

"सगला गाव सांगतो, आये," सर म्हणाले. लहान मुलासारखे आईच्या बोलीत बोलले.

"सांगतात रे. पन मला आज दिसला."

तेव्हा मला सगळं एकदम कळलं, आणि आपल्याच थोबाडीत मारावीशी वाटली. माणसाला लांबचं दिसत नसेल तर तो हात हलवणाऱ्याला ओळख देत नाही. मासा नाकाशी धरतो तो वासासाठी नव्हे. आणि सत्तरीला बिनचष्म्याची सुई ओवतो तो डोळे ठणठणीत असल्यामुळे नव्हे, त्याला जवळचंच दिसतं म्हणून. हे चष्म्याच्या धंद्यातलं पहिल्या महिन्यात शिकलेलं पोरही सांगेल. खाडीकडे पाठ करून ती बसली कारण समोर बघून तिला काही मिळत नव्हतं. नवऱ्याचं तोंड तिनं जवळून पाहिलेलं होतं. मुलाचं मांडीवर असेपर्यंत. त्यानंतर मुलगे आईच्या इतक्या जवळ कशाला येतात? सर माझ्या दुकानात चाळिशी करून घेऊन गेले, महिनोन्‌महिने मी दर रविवारी या बाईसमोरून खाडीत उतरले, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी बावीस वर्षं काउंटरवर मांडून बसले होते.

"मावशी, कधीपासून दिसत नाही लांबचं?"

"दिसत नाय कसं? दिसतं ना." ती गोंधळून म्हणाली. "मला वाटं, सगल्यांना असंच दिसतं."

ती मास्क काढेना. सूर्य बुडताना बघायचा होता, मग होड्या ओळखायच्या होत्या. इंजिनाच्या आवाजावरून ती त्या अचूक सांगायची, आता रंगावरून सांगत होती आणि प्रत्येक रंगाला नावं ठेवत होती. "शेजारनीच्या होरीला ह्यो कसला हिरवा मारलाय!" मुलाला तिनं दोनदा वळायला लावलं. सर वळले. दुसऱ्यांदा वळले तेव्हा त्यांचं तोंड हसत होतं आणि डोळे नव्हते.

दुकानात शेकडो चष्मे आणि पर्समध्ये जादा एकही नाही, अशी मी चष्मेवाली. मी नाकावरचा काढला आणि तिला दिला. तो तिला जवळजवळ बेताचा होता. पुढे रीतसर तपासलं तेव्हा एका डोळ्याचा साडेसहा निघाला आणि दुसऱ्याचा सव्वासात. एका हातानं तिनं चष्मा घेतला, दुसऱ्यानं मास्क सोडला, आणि ती अदलाबदल मात्र आम्ही अशी केली की खाली काही पडलं नाही. यजमान मोबाईल खिशात घालून, दोन्ही हात पुढे करून उभे होते.

अंदमानात मासे दिसले. पुष्कळ दिसले, निळे, पट्ट्यांचे, एक तर माझ्याकडे बघून वळून गेला. मी पाण्याखाली नाचले. पण त्याआधी मला बोईसरपर्यंत जायचं होतं, आणि चष्मा म्हातारीच्या नाकावर होता.

मी मास्क लावून स्कूटरवर यजमानांच्या मागे बसले. दुसरा इलाज नव्हता. मुरब्यापासून रस्ताभर माणसं थांबून बघत होती. सालवडच्या नाक्यावर कारखान्यांची पाळी सुटलेली, सायकली आणि रिक्षांची गर्दी, स्कूटर अडकली. माझा एक जुना गिऱ्हाईक, रंगाच्या कारखान्यातला, सायकलवरून वाकून निरखत म्हणाला, "भाभीजी, ये नया मॉडल आया क्या?"

"हां," मी म्हटलं, "दूर का एकदम साफ दिखता है."

यजमानांची पाठ हसण्यानं हलायला लागली. मीही हसले. हसता हसता मला ती माडांकडे रोखलेली मान दिसली, एकेक येगली, आणि मास्कच्या आत पाणी जमायला लागलं. कांदा चिरताना जे आत शिरलं नव्हतं ते आतूनच आलं. समोरच्या रिक्षा वाकड्या झाल्या, नाक्याचे दिवे विरघळले. मी घाबरले नाही. वर पाहिलं, कपाळावरची कड दाबली आणि नाकानं फुंकलं. पहिल्यांदाच जमलं.

"काय झालं गं?" यजमानांनी न वळता विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, "दिसतंय. चला."